चौथ्या वेळी सापडलेली पट्टी: लहान मुलांचे ठोके बिघडतात तेव्हा

कृष्णाकाठ

माझी लेक नऊ वर्षांची, चौथीत आहे. दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. गणितं सोडवता सोडवता वही बाजूला सारून ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, छातीत कबुतर फडफडतंय." मी हात ठेवून पाहिला. ठोके मोजायला घेतले, पण मोजताच येईनात. गळ्याशी, दोन हाडांमधल्या खोबणीत कातडी भराभर उडताना दिसत होती. चेहरा पांढरा पडलेला, पण शुद्धीवर होती, नीट बोलत होती. आम्ही तसेच निघालो. गावापासून दवाखाना ३५ मिनिटांवर. वाटेत उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो असताना ती म्हणाली, "थांबलं." आणि लगेच तिला जोराची लघवी लागली.

दवाखान्यात ईसीजी अगदी व्यवस्थित आला. टूडी इकोही नॉर्मल. "परीक्षेचं टेन्शन असेल, मुलीवर दडपण आणू नका," असं सांगून घरी पाठवलं. महिन्याभरात असंच आणखी दोनदा झालं आणि दोन्ही वेळा पोहोचेपर्यंत थांबलेलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिच्यासमोरच मला विचारलं, घरात धाकट्या भावाकडे जास्त लक्ष जातं का? ती काही बोलली नाही. पण त्यानंतर तिला धडधडलं तरी ती सांगेना. हे मला फार उशिरा कळलं आणि अजूनही त्याचा त्रास होतो. घरी सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्यांची माया मी समजू शकते, पण माझ्या हातात काहीच नव्हतं.

चौथी वेळ शाळेत आली. तिच्या बाईंनी मला फोन लावण्याआधी तिला रस्त्यापलीकडच्या छोट्या दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजीचं जुनं मशीन होतं. पट्टी निघाली तेव्हा ठोके मिनिटाला २१४. त्या डॉक्टरांनी आम्हाला पट्टी हातात दिली आणि म्हणाले, "ही हरवू नका. तुमचं निदान यात आहे."

निदान झालं: एसव्हीटी, म्हणजे ठोके अचानक फार वेगाने पडायचा विकार, त्यातला एव्हीएनआरटी हा प्रकार. आता सल्ला आहे की इपी स्टडी, म्हणजे हृदयात नळ्या घालून विजेच्या वाटांची तपासणी, करून अॅब्लेशन करावं, म्हणजे बिघाडाची जागा जाळून किंवा गोठवून बंद करावी. वजन २८ किलो आहे. नवरा तयार आहे, मी रात्र रात्र जागी असते. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. आणि ज्यांच्या मुलांना "काही नाही" म्हणून परत पाठवलंय, त्यांनीही.

बालहृदय

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि पुढचं शिक्षण मुलांच्या हृदयविकारांत घेतलंय. इथे बसून उपचार सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टरच सांगतील. पण काय घडतंय ते नीट कळलं तर रात्रीची झोप थोडी परत येईल म्हणून लिहितो.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका हलक्या लहरीने सुरू होतो. ती उजव्या वरच्या कप्प्यातल्या साइनस नोडमधून निघते, मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत पसरते. तुमच्या लेकीच्या एव्ही नोडपाशी एकाऐवजी दोन वाटा आहेत, एक झटपट नेणारी आणि एक रेंगाळणारी. एखादा ठोका जरा अवेळी पडला की लहर रेंगाळत्या वाटेने खाली उतरते आणि झटपट वाटेने पुन्हा वर येते. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. रानात माणसाला चकवा लागतो म्हणतात ना, तसा त्या लहरीला लागतो आणि दर फेरीला हृदय एक ठोका मारतं. वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच वेळी आवळले जातात, त्यामुळे रक्ताची लाट मानेच्या शिरांत उलटी आपटते. तुम्हाला गळ्याशी उडताना दिसली ती हीच. लघवीचंही कारण आहे. वरचे कप्पे ताणले गेले की त्यांच्यातून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावतं. या दोन गोष्टी एखाद्या आईने सांगितल्या की मी पट्टी पाहण्याआधीच कान टवकारतो.

चकवा सुटला की ईसीजी स्वच्छ येतो. खोटा नव्हे, तो खरोखरच स्वच्छ असतो. म्हणून "नॉर्मल ईसीजी" या शब्दांवर तिथे थांबायचं नसतं, तो कधी काढलाय हे विचारायचं असतं.

भीतीने किंवा धावल्याने वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. तापातही वाढतात, अंशाला साधारण दहा. एसव्हीटी मात्र बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच बंद होते. मोठ्या मुलांत ती सहसा १८० च्या वर असते, तान्ह्या बाळांत २२० च्या वर. "अचानक थांबलं" हे तिचं वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगत जा.

आजोळचा_वाडा

आमच्या बाळाची गोष्ट लिहितो. तीन आठवड्यांचा होता. दूध ओढेना, ओढलं तरी दोन घोटांत दमायचा, कपाळावर घाम. आई म्हणाली, बाळसं धरत नाहीये, बाळंतिणीचं दूध तपासा. दुसऱ्या दिवशी कण्हायला लागला आणि रंग राखेसारखा झाला. नेलं तेव्हा ठोके २७० होते आणि किती तासांपासून होते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हृदय दमून गेलं होतं, यकृत सुजलं होतं.

नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ आणि पाणी घेतलं आणि नाक-तोंड मोकळं ठेवून कपाळावर, डोळ्यांच्या वरच्या भागावर पंधराएक सेकंद धरलं. मी तर ओरडणार होतो. पडद्यावरचे ठोके २७० वरून एकदम १५० वर आले. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झालं तेव्हा औषध द्यावं लागलं.

त्याला डब्ल्यूपीडब्ल्यू निघालं. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जन्मतःच स्नायूचा एक जादा धागा राहून गेलेला. पट्टीवर ठोक्याच्या पायथ्याशी तिरकी चढण दिसते, तिला डेल्टा वेव्ह म्हणतात. डॉक्टरांनी पेनने गोल करून दाखवली. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० साली हे लिहून ठेवलं, त्यांची ही आद्याक्षरं.

वर्षभर प्रोप्रॅनोलॉल हे ठोके आवरणारं औषध दिलं. तान्ह्या बाळाला हे औषध देणाऱ्यांना एकच कळकळीने सांगतो: उपाशीपोटी देऊ नका. त्याने साखर उतरते. बाळ उलट्या करत असेल, दूध घेत नसेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आम्हाला हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून एका जुलाबाच्या रात्री निभावलं. चौदाव्या महिन्यात औषध बंद झालं. आता चार वर्षांचा आहे, झटका नाही.

पारावरचा_मुसाफिर

आमच्या ओळखीत पण एका बाळाचं असंच आपोआप गेलं. मग नऊ वर्षांच्या पोरीला तारा घालून हृदय जाळून घ्यायची काय घाई आहे? वाढत्या वयात जाईल की.

बालहृदय

मुसाफिर, ही शंका खूप पालकांना असते, म्हणून सविस्तर लिहितो. पहिल्या काही महिन्यांत सुरू झालेली एसव्हीटी बऱ्याच बाळांत वर्षाच्या आसपास शांत होते, कारण तो जादा धागा क्षीण होतो. काहींत ती सात-आठ वर्षांच्या सुमारास परत येते, म्हणून वाडाकरांनी वर्षातून एकदा ईसीजी चालू ठेवावा. पण शाळकरी वयात पहिल्यांदा आलेली एसव्हीटी सहसा आपली आपण जात नाही.

ताईंच्या लेकीला तीन वाटा आहेत. झटके क्वचित आणि छोटे असतील तर नुसतं थांबायचं. रोज औषध घ्यायचं. किंवा अॅब्लेशन. एव्हीएनआरटीने जीवाला धोका फार दुर्मीळ. म्हणून निर्णयाला वेळ आहे आणि तो मुलीच्या जगण्याकडे बघून घ्यायचा. ती खेळायचं टाळते का, शाळेत घाबरते का, दवाखाना किती लांब आहे.

डब्ल्यूपीडब्ल्यूचं थोडं वेगळं. काही मुलांत तो जादा धागा फार वेगाने लहरी खाली सोडू शकतो आणि वरच्या कप्प्यांत गोंधळ माजला तर तो थेट खाली उतरतो. म्हणून त्रास नसला तरी मोठ्या मुलांत धाग्याची ताकद तपासतात. आणि डब्ल्यूपीडब्ल्यू आहे हे सांगितल्याशिवाय कुठल्याही दवाखान्यात ठोक्यांसाठी डिगॉक्सिन किंवा व्हेरापामिल घेऊ नये. एक वर्षाखालच्या बाळांना शिरेतून व्हेरापामिल तर देतच नाहीत.

झटका चालू असताना मोठ्या मुलांनी करायचं: दहा मिलीची रिकामी सिरिंज तोंडाला लावून दट्ट्या हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं आणि लगेच आडवं होऊन पाय वर धरायचे. डॉक्टरांसमोर एकदा शिकून घ्या. डोळे दाबणं हा जुना उपाय कधीही करू नका, डोळा जाऊ शकतो. बर्फाची पिशवीही शिकवल्याशिवाय घरी नको.

निशिगंध_पुणे

धागा वाचतेय आणि हात थरथरतायत. आमचं उलट होतं, ठोके कमी. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत, २१ व्या आठवड्यात, डॉक्टर बराच वेळ गप्प राहिले. बाळाचे ठोके ५८. रक्त तपासल्यावर माझ्या अंगात अँटी-रो अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे शरीरावरच उलटणारी प्रथिनं. मला आजार असा काहीच माहीत नव्हता. डोळे कोरडे पडायचे, ते मी कॉम्प्युटरवर ढकललं होतं. माझ्याच अँटिबॉडी वारेतून जाऊन बाळाच्या एव्ही नोडवर बसल्या होत्या आणि वरची लहर खाली पोहोचतच नव्हती.

३६ व्या आठवड्यात सिझेरियन आणि पाचव्या दिवशी पेसमेकर. इतक्या छोट्या जीवाच्या शिरेतून वायर घालत नाहीत. ती हृदयाच्या बाहेरच्या बाजूला शिवतात आणि बॅटरी पोटाच्या कातडीखाली ठेवतात. आंघोळ घालताना साबणाचा हात त्या उंचवट्यावरून जायचा तेव्हा पहिले दोन महिने मी डोळे मिटायचे. आता ती पाच वर्षांची आहे आणि सगळ्यांना सांगते, "माझ्या पोटात घड्याळ आहे."

दुसऱ्या वेळी मला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं आणि सोळाव्या आठवड्यापासून वरचेवर बाळाचा इको. धाकटा ठीक आहे. ज्यांचं पहिलं बाळ असं झालंय त्यांनी दुसऱ्या खेपेला गर्भ राहण्याआधीच बोलून घ्या. पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहात एक, म्हणजे न होण्याचीच जास्त. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी दोन वर्षं घाबरून काढली नसती.

नातेवाइकांच्या प्रश्नांसाठी: मोबाइल चालतो, फक्त पेसमेकरवर टेकवायचा नाही. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब. एमआरआय करायची वेळ आली तर आधी पेसमेकरचं कार्ड दाखवायचं.

घंटा_झाली

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा पळण्याच्या शर्यतीत मधेच कोसळला. आम्ही कांदा हुंगवला, चप्पल हुंगवायलाही कोणी धावलं. मिनिटाभरात उठून बसला. फिट म्हणून दोन वर्षं गोळ्या चालल्या. पुढच्या वर्षी सरावात पुन्हा तसाच पडला. या वेळी बघायला आलेल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "जन्मापासून ऐकू येत नाही? मग ईसीजी कुठे आहे?" ईसीजी कोणी काढलाच नव्हता.

लाँग क्यूटी नावाचा विकार निघाला. ठोका मारल्यानंतर हृदयाला पुन्हा चार्ज व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात धक्का बसला की खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही. ज्या वाहिनीतून पोटॅशियम जातं तीच कानाच्या आतही लागते, म्हणून काही मुलांत बहिरेपण आणि हे दोन्ही एकत्र येतं. जर्व्हेल आणि लांगे-नील्सन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १९५७ साली एका घराबद्दल लिहिलं: सहा मुलं, त्यातली चार जन्मतः बहिरी आणि चौघांनाही असे झटके. तिघं लहानपणीच गेली. ते वाचलं त्या दिवशी मी वर्गातल्या बाकांकडे बघत बसले होते.

आमच्या सगळ्या मुलांचे ईसीजी आम्ही काढून घेतले. बाकीच्यांचे चांगले आले. त्या मुलाला आता बीटा ब्लॉकर हे ठोके आवरणारं औषध आहे, शर्यत बंद आहे, चित्रकलेत रमलाय. कॉक्लियर इम्प्लांटच्या, म्हणजे कानात ऐकायचं यंत्र बसवायच्या शस्त्रक्रियेच्या, आधी तरी ईसीजी व्हायलाच हवा. कर्णबधिर मुलांचे पालक हा धागा वाचत असतील तर कृपया उद्याच काढून घ्या.

बालहृदय

बाई, तुम्ही जे केलंत त्याला माझा नमस्कार.

याला थोडी जोड देतो. उन्हात प्रार्थनेला उभं राहून, मळमळून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन मूल पडलं तर ती बहुधा साधी चक्कर असते. पण धावताना, पोहताना, अचानक मोठा आवाज झाल्यावर, रडण्या-रागावण्याच्या भरात किंवा झोपेत शुद्ध गेली, काही पूर्वसूचना नसताना गेली, तर ईसीजी त्याच दिवशी हवा. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का, पोहता येत असून कोणी बुडालंय का, हेही आठवून सांगा. पोहताना झटका येणं आणि गजराच्या घड्याळाने दचकून येणं हे लाँग क्यूटीच्या दोन वेगळ्या प्रकारांत दिसतं, म्हणून डॉक्टर इतकं खोदून विचारतात.

मशीनने छापलेल्या क्यूटीच्या (ईसीजीवरच्या त्या चार्ज होण्याच्या वेळेच्या) आकड्यावर विसंबू नये, तो हाताने मोजायचा असतो. निदान झालेल्या मुलांना अॅझिथ्रोमायसिन, ऑन्डान्सेट्रॉन, डॉम्पेरिडोन, फ्लुकोनॅझोल यांसारखी नेहमीची औषधं धोक्याची ठरू शकतात. उलटी थांबवायचं सिरप गावात सहज मिळतं, म्हणून यादी घरातल्या प्रत्येकाकडे आणि शाळेत असू द्या.

सीपीव्हीटी नावाचा आणखी एक आजार आहे. त्यात शांत झोपवून काढलेला ईसीजी आणि इको दोन्ही चांगले येतात, फक्त ट्रेडमिलवर पळवलं की गडबड दिसते. पळताना पडलेल्या मुलाला म्हणून पळवूनच तपासावं लागतं, तेही दवाखान्यात.

मूल कोसळलं, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन आणि लगेच छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२०. हुंगवण्यात वेळ घालवू नका.

सह्याद्री_टू_लीड्स

इकडे इंग्लंडमध्ये माझ्या मुलाचं अॅब्लेशन झालं, १२ वर्षांचा असताना. कृष्णाकाठ ताई, तुम्हाला दिवस कसा जातो ते सांगते. पूर्ण भूल दिली. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या. आधी ते मुद्दाम ठोके वाढवून चकवा शोधतात. कुठल्या वाटेने फिरतोय ते संगणकावर नकाशासारखं दिसतं, त्यामुळे एक्स-रे जवळपास लागलाच नाही. त्याची जागा एव्ही नोडला चिकटून होती म्हणून जाळण्याऐवजी गोठवलं. आधी थोडं गार करून बघतात, नोडला धक्का लागतोय असं वाटलं तर थांबवता येतं आणि ती जागा पूर्ववत होते. मला त्या एका वाक्याने धीर आला. गोठवण्यात पुन्हा उद्भवण्याची शक्यता मात्र जाळण्यापेक्षा थोडी जास्त, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पाय सरळ ठेवून काही तास पडून राहणं हेच त्याला सगळ्यात जड गेलं.

कृष्णाकाठ

तुम्हा सगळ्यांची एकेक ओळ वाचली, काही तर लेकीलाही वाचून दाखवल्या. "चकवा" तिला फार आवडला.

दरम्यान पाचवा झटका आला. सिरिंज फुंकून थांबला नाही, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. या वेळी चालू असतानाच पोहोचलो. कोपराच्या शिरेत सुई, दोन सिरिंज एकत्र जोडलेल्या, एकीत अॅडेनोसिन हे चकवा तोडणारं औषध आणि दुसरीत सलाइन. औषध दहाएक सेकंदांत संपतं म्हणून झटक्यात ढकलावं लागतं. पहिल्या डोसने काही झालं नाही. दुसरा दुप्पट. पट्टी सुरू ठेवली होती. कागदावर रेघ सरळ झाली, लेक माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आई, मला काहीतरी होतंय," आणि मग एक ठोका, दुसरा, तिसरा. ९६. डॉक्टरांनी मला आधी सांगितलं होतं की तिला दोन-चार सेकंद फार वाईट वाटेल. ते सांगितलं नसतं तर मी तिथेच कोसळले असते.

त्या रात्री तिनेच ठरवलं. म्हणाली, "मला कबड्डी खेळायचीय." फुले योजनेत बसतं का हे विचारायला आम्ही आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार आणि दोन्ही पट्ट्या घेऊन गेलो. पुढच्या सोमवारची तारीख मिळालीय.

पट्टीवाला

ताई, मी २२ वर्षं ईसीजी टेक्निशियन आहे. एक सांगायचं राहू नये म्हणून आज खातं उघडलं. तो कागद थर्मल असतो, उष्णतेने छापलेला. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवला की वर्षा-दोन वर्षांत कोरा होतो. लॅमिनेशन तर कधीच करू नका, गरम रोलरमधून गेला की अख्खा काळा पडतो. माझ्यासमोर एक बाप असा काळा कागद घेऊन रडलाय. आधी मोबाइलवर सरळ वरून फोटो घ्या, चौकोन मोजता येतील असा. मग झेरॉक्स. त्यावर तारीख, वेळ आणि त्या वेळी त्रास चालू होता की थांबला होता ते पेनने लिहा.

कृष्णाकाठ

दादा, सोमवारी न्यायची म्हणून काल संध्याकाळीच पट्टी लॅमिनेशनला देऊन आले होते. तुमचा प्रतिसाद वाचला आणि नवऱ्याला सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभं राहायला सांगितलं. दुकानदाराने अजून हात लावला नव्हता. चार झेरॉक्स काढल्या. एक तिच्या दप्तरात, एक बाईंकडे, दोन फाइलीत. मूळ पट्टी सुती कापडात गुंडाळून साड्यांच्या कपाटात ठेवलीय.

सोमवारी रात्री उशिरा लिहीन.

कृष्णाकाठ

झालं. साडेतीन तास. गोठवलं. त्यानंतर त्यांनी पाऊण तास चकवा लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. आता झोपलीय, उजवा पाय सरळ. मी मनगट धरून मोजतेय. ८८.